साथ येण्याआधी घडवायची माणसे

बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या दोन रुग्णालयांत २०१४ साली २६ मे ते १७ जुलै या काळात ३९० मुले दाखल झाली आणि त्यांतली १२२ दगावली. बहुतेक मुले खेड्यांतल्या गरीब घरांतली, चार-पाच वर्षांच्या आसपासची. रात्री धडधाकट असलेले मूल पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडे. १९९५पासून जवळपास दर उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, हे घडत आले होते आणि दरवेळी कारण वेगळे सांगितले जाई. कोणी मेंदूज्वराचा विषाणू म्हणे, कोणी उष्माघात, कोणी बागांत फवारलेले कीटकनाशक.

दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे पथक अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या सहकार्याने या आजाराचा तपास करत होते. पथकाने १०४ आजारी मुले घेतली आणि त्याच रुग्णालयांत दुसऱ्या कारणांसाठी आलेली, त्याच वयाची १०४ मुले तुलनेसाठी निवडली. मग दोन्ही गटांतल्या पालकांना आदल्या चोवीस तासांबद्दल तेच ते प्रश्न विचारले. मूल बागेत गेले होते का, काय खाल्ले, रात्री जेवले का. लिची खाणे आणि आजार यांचा ऑड्स रेशो ९.६ आला, म्हणजे संबंध फार पक्का होता. पण सगळीच मुले लिची खातात, मग थोडीच का आजारी पडतात? उत्तर जेवणाच्या प्रश्नात मिळाले. रात्री जेवलेल्या मुलांत लिचीचा ऑड्स रेशो ३.६ होता, न जेवलेल्या मुलांत ७.८. लिचीतली दोन द्रव्ये उपाशी शरीराला साखर तयार करू देत नाहीत. कुपोषित मुलाची साखर पहाटेपर्यंत धोक्याच्या खाली जाते. तपासलेल्या ७३ आजारी मुलांपैकी ४८ जणांच्या लघवीत या द्रव्यांच्या खुणा सापडल्या. तुलनेच्या १५ मुलांपैकी एकाच्याही लघवीत त्या नव्हत्या. यातून निघालेला सल्ला कोणत्याही आईला समजेल असा होता: मुलांना लिची कमी द्या, रात्री उपाशी झोपू देऊ नका. डॉक्टरांसाठी सूचना होती की, मूल येताच साखर तपासा आणि ग्लुकोज द्या.

या तपासाची दोन अंगे आहेत. दिवसभर बागेत लिची खाऊन आलेली मुले रात्री ताटावर बसायला तयार नसतात, हे गावात आयांशी बोलल्याशिवाय कळत नाही. आणि जेवणामुळे लिचीचा परिणाम खरोखर बदलतो की तो योगायोग आहे, हे आकडेमोडीशिवाय ठरत नाही. पहिले काम साथरोगतज्ज्ञाचे, दुसरे संख्याशास्त्रज्ञाचे. ही दोन माणसे साथ येण्याआधी, एका टेबलाशी बसवून कशी घडवायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषयाचा इतिहास बहुधा लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापासून सांगितला जातो. १८५४च्या ऑगस्टअखेर तिथे कॉलरा उसळला, सहाशेच्या वर माणसे गेली आणि जॉन स्नोच्या आग्रहावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. ही कथा एका हुशार डॉक्टरची म्हणून सांगितली जाते, ते अपुरे आहे. मृतांचे पत्ते स्नोला मिळाले ते विल्यम फारच्या कचेरीतून. फार १८३९पासून इंग्लंडमधल्या मृत्यूंची कारणवार नोंद लावत होता. त्याचा स्वतःचा विश्वास दूषित हवेच्या सिद्धान्तावर होता, तरी आकडे त्याने मोकळेपणाने दिले आणि १८६६च्या साथीत आपल्याच आकड्यांपुढे मान तुकवून पाण्याचे कारण मान्य केले. तिसरा माणूस त्या वस्तीचा तरुण पाद्री, हेन्री व्हाइटहेड. स्नोला खोडून काढायच्या इराद्याने तो घरोघरी फिरला आणि ज्या बाळाच्या आजारामुळे पंपाची विहीर बहुधा दूषित झाली, त्या बाळापर्यंत जाऊन पोहोचला. वस्तीत प्रत्येक घरात त्याची ओळख होती, म्हणून लोक त्याच्याशी बोलले. नोंदी ठेवणारा, अनुमान काढणारा आणि लोकांच्या घरात ज्याला प्रवेश आहे असा, या तिघांचे ते यश होते.

हिंदुस्थानातून या शास्त्राला मिळालेली दोन उदाहरणे मात्र आपल्याकडच्या वर्गांतही क्वचित सांगितली जातात. दोन्हींचा धागा ए. जी. मॅकेंड्रिक या डॉक्टरशी जुळतो. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये तो कसौलीला होता आणि गणित ही त्याची आवड होती. १९२६च्या एका निबंधात त्याने हिंदुस्थानातल्या एका खेड्याची कॉलऱ्याची नोंद घेतली. घरे २२३. त्यांतल्या १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. ही १६८ घरे नुसती नशिबाने वाचली, की रोग त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता? रुग्ण असलेल्या घरांच्या वाटणीवरून त्याने हिशोब मांडला. धोका खरोखर सुमारे ९३ घरांनाच होता, बाकीची घरे त्या साथीच्या बाहेर होती. यावरून त्याने तर्क केला की, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि या ९३ घरांचे पाणी एका दूषित विहिरीतून येत असावे. पुढे जागेवर चौकशी झाली तेव्हा तसेच निघाले. पाच आकड्यांच्या एका ओळीने तपास करणाऱ्याला कुठे बघायचे ते सांगितले.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे आणि त्याचा धडा उलटा आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, त्यानंतर तो वर्षानुवर्षे शहरात ठाण मांडून राहिला. १९२७ साली मॅकेंड्रिक आणि त्याचा सहकारी केरमॅक यांनी साथीच्या चढउताराचे गणिती सूत्र मांडले. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ‘आर नॉट’च्या हिशोबाचे मूळ तिथे आहे. त्या निबंधात सूत्र पडताळायला घेतलेले आकडे म्हणजे मुंबई बेटावरचे डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे मृत्यू. वक्ररेषा आकड्यांवर सुरेख बसली. पण त्या सूत्रात उंदीर नव्हता आणि पिसूही नव्हती. त्याच हंगामात, त्याच शहरात, परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाची माणसे शहरभरातून गोळा केलेले उंदीर तपासत होती, प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा करत होती. साथ आधी घरातल्या उंदरांत येते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसांत, हे त्यांनी दाखवले. रेषा जुळली म्हणजे कारण कळले असे होत नाही, हे शिकवायला मुंबईइतके चांगले उदाहरण जगात दुसरे नसेल. गणित येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पहिल्याच आठवड्यात दिले पाहिजे.

आणि त्याच प्लेगच्या काळात पुण्यात घरझडतीच्या नावाखाली जे झाले, तेही याच अभ्यासक्रमात यायला हवे. रोग शोधायला आलेल्या माणसाची लोकांना दहशत बसली, की रुग्ण लपवले जातात आणि सगळ्या नोंदी खोट्या ठरतात.

विसाव्या शतकात प्रशिक्षणाची काही घराणी तयार झाली. बाल्टिमोरला १९१६ साली जॉन्स हॉपकिन्सची आरोग्यशाळा निघाली. तिथे वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हा साथरोगाचा आणि लॉवेल रीड हा संख्याशास्त्राचा प्राध्यापक एकत्र शिकवत. रंगीत गोट्यांच्या खेळातून ते विद्यार्थ्यांना साथ कशी पसरते ते दाखवत. तोच खेळ पुढे रीड-फ्रॉस्ट प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला. लंडनच्या घराण्यात मेजर ग्रीनवुड आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. त्यांचा भर तुलना न्याय्य कशी करायची यावर. १९४८ची क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी ही हिल यांची देणगी.

तिसरे घराणे अटलांटाचे. कोरियन युद्धाच्या वेळी जैविक हल्ल्याची भीती होती. तिचा उपयोग करून अलेक्झांडर लँगम्यूरने १९५१ साली एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस उभी केली. पहिल्या तुकडीत २२ डॉक्टर आणि एक स्वच्छता अभियंता होता. वर्ग थोडे, बाकी दोन वर्षे सगळे काम साथीच्या जागी. या सेवेचे बोधचिन्ह म्हणजे चालून चालून तळाला भोक पडलेला बूट. लँगम्यूरने पायपिटीवर भर दिला, पण आकडेवाल्यांना दूर ठेवले नाही. त्याच संस्थेतल्या रॉबर्ट सर्फलिंगने १९६३ साली एरवीच्या वर्षांवरून अपेक्षित मृत्यू काढून फ्लूच्या साथीतले जादा मृत्यू मोजायची रीत घालून दिली. कोविडच्या जादा मृत्यूंवर जगभर झालेल्या वादाच्या मुळाशी हाच विचार आहे.

अटलांटाचा साचा घेऊन १९८० साली थायलंडने आपला कार्यक्रम काढला आणि पुढे देशोदेशी तसे कार्यक्रम निघाले. आता त्यांचे तीन टप्पे पडतात. गाव-तालुका पातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी तीन महिन्यांचा, मधला नऊ महिन्यांचा आणि वरचा दोन वर्षांचा. त्याचे फळ काय, हे २०१४च्या जुलैमध्ये लागोस शहराने दाखवले. इबोलाचा रुग्ण विमानाने उतरला तेव्हा नायजेरियाकडे २००८पासून चालू असलेल्या प्रशिक्षणातून तयार झालेली माणसे आणि पोलिओसाठी उभारलेले आपत्कालीन केंद्र हाताशी होते. त्यांनी सुमारे ८९४ संपर्कांचा माग काढला आणि त्यांना समक्ष भेटण्यासाठी जवळपास १८,५०० खेपा घातल्या. साथ २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर थांबली. त्याच इबोलाने पश्चिम आफ्रिकेतल्या इतर तीन देशांत मिळून ११,०००हून अधिक माणसे मरण पावली.

इबोलाने संख्याशास्त्राकडूनही नवे काही मागून घेतले. गिनीत २०१५ साली लशीची चाचणी करायची होती, पण रुग्ण इतके विखुरलेले की नेहमीची चाचणी फसली असती. म्हणून देवीच्या निर्मूलनातली जुनी युक्ती चाचणीचा आराखडा म्हणून वापरली. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कांचे एक वर्तुळ आखायचे. काही वर्तुळांना लस लगेच, काहींना २१ दिवसांनी, आणि निवड चिठ्ठीने. लगेच लस मिळालेल्या वर्तुळांत दहा दिवसांनंतर एकही नवा रुग्ण आढळला नाही. संपर्क शोधणारे पथक पक्के नसते तर हा आराखडा कागदावरच राहिला असता.

भारतात चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था १९९९ साली स्थापन झाली आणि २००१पासून तिथे क्षेत्रीय प्रशिक्षण सुरू झाले. १९९४च्या सुरतच्या प्लेगने देशाची निगराणी यंत्रणा किती पोकळ आहे ते उघडे पाडले होते. २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला, २०१२ साली दिल्लीत भारताची स्वतःची एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस. या प्रशिक्षणाची खरी परीक्षा २०२० साली झाली. चेन्नईच्या संस्थेतल्या डॉ. मनोज मुर्हेकर यांच्या नेतृत्वाखाली मे-जूनमध्ये २१ राज्यांतल्या ७० जिल्ह्यांत २८,००० प्रौढांच्या रक्ताची तपासणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केलेली चाचणी निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात ९७ ते ९८ टक्के अचूक होती. हे ऐकायला उत्तम वाटते. पण संसर्ग शंभरात एकाहून कमी जणांना झालेला असेल, तर शंभरातले ते दोन-तीन खोटे पॉझिटिव्ह खऱ्यांपेक्षा जास्त भरतात आणि सगळे सर्वेक्षण मातीमोल होते. म्हणून पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या, वेगळ्या चाचणीने पुन्हा तपासले गेले. अंतिम आकडा ०.७३ टक्के आला. नमुना कसा काढायचा, चाचणीची चूक कशी वजा करायची, हे ज्यांनी आधी शिकून ठेवले होते त्यांनाच ऐन टाळेबंदीत हे जमले.

या सगळ्याची निकड आज महाराष्ट्राला कोणी समजावून सांगायला नको. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. विष्ठेच्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो. म्हणजे साठ-सत्तर लाखांच्या शहर परिसरात आठवड्याला एक-दोन रुग्ण हे नेहमीचेच; पण एकाच पट्ट्यात काही दिवसांत दहा-वीस म्हणजे उद्रेक. हा भागाकार साधा आहे. मात्र तो करायला एरवीचा आकडा कुणाच्या तरी वहीत असावा लागतो. सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि गोव्यात सत्तरीत माकडतापाने काजूच्या बागांतली माणसे आजारी पडू लागली, तेव्हाही मेलेल्या माकडाची नोंद आणि तापाची नोंद एका कागदावर येण्याला महत्त्व होते.

उद्रेक सात दिवसांत ओळखावा, एका दिवसात कळवावा आणि पुढच्या सात दिवसांत पहिली उपाययोजना पुरी व्हावी, असे ७-१-७चे उद्दिष्ट आता जगभर घेतले जाते. दर दोन लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ असावा, असाही एक मापदंड आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी, म्हणजे नुसत्या आपल्या राज्याला साडेपाचशेहून अधिक अशी माणसे लागतील. इतकी माणसे महानगरांतल्या एक-दोन संस्थांतून आणि फक्त इंग्रजीतून तयार होणार नाहीत. शिवाय आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र परीक्षेपुरते उरकले जाते आणि विज्ञान महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आतून पाहायलाच मिळत नाही. ही फारकत हीच खरी अडचण आहे.

प्रस्तुत पुस्तक म्हणूनच दोन्ही बाजूंच्या वाचकांसाठी आहे. त्यात सूत्रांची जंत्री नाही. उद्रेकाच्या कामात जिथे पाऊल चुकते, त्या जागी ते वाचकाला थांबवते. गॅस्ट्रोची साथ घ्या. आशा सेविका वाडीतल्या रुग्णांची लाइन लिस्ट करते: नाव, वय, घर, लक्षणे कधी सुरू झाली, पाणी कुठले. घाईत लक्षणांच्या तारखेऐवजी दवाखान्यात आल्याची तारीख लिहिली जाते. तेवढ्याने आलेख दोन दिवस सरकतो, आणि जलवाहिनी फुटली तो दिवस संशयातून निसटतो. टीसीएल पावडर टाकल्यानंतर घेतलेला पाण्याचा नमुना स्वच्छ येतो आणि पाणी निर्दोष ठरते. आलेखातले शेवटच्या तीन-चार दिवसांचे खांब बुटके दिसतात, साथ ओसरली असे वाटते. प्रत्यक्षात त्या दिवसांचे रुग्ण अजून कागदावर आलेले नसतात. साथ वाढत असताना मृत्यूंना आजच्या रुग्णसंख्येने भागले तर दर फसवा कमी येतो, कारण आज दाखल झालेल्यांचे काय होणार ते ठरायचे असते. २००३ साली सार्सच्या वेळी आधी चार टक्क्यांच्या आसपास धरलेला मृत्युदर जागतिक आरोग्य संघटनेला मे महिन्यात १४-१५ टक्क्यांपर्यंत वर न्यावा लागला, तो याच कारणाने. आरोग्य सेवकाला यातला हिशोब कळावा आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला तारीख नेमकी कशी चुकते ते कळावे, एवढ्यासाठी लेखनाची सगळी मांडणी केली आहे.

संगणकाच्या प्रारूपांना पुस्तकात जागा आहे, पण ती मागे आहे. हा क्रम योग्य वाटतो. व्याख्या, यादी, तक्ता आणि आलेख हाताने करता आल्यावर प्रारूप हे बळ ठरते. त्याआधी शिकवले तर मुंबईच्या प्लेगची चूक पुन्हा होते. एक गोष्ट मात्र कोणतेही पुस्तक देऊ शकत नाही: उद्रेकाच्या गावात अनुभवी माणसाबरोबर काढलेले दिवस. मुझफ्फरपूरला २०१९ साली पुन्हा शंभराहून अधिक मुले दगावली. कारण शोधून काढणे आणि त्यावरची उपाययोजना दर हंगामात शेवटच्या घरापर्यंत नेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण अजून कुठेच पुरेसे मिळत नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की यातले सराव कागद-पेन्सिल घेऊन सोडवावेत आणि शक्यतो एकट्याने सोडवू नयेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जवळच्या महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांना बरोबर घ्यावे, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक पावसाळा आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन नोंदवह्या पाहाव्यात, आणि विद्यापीठांनी व आरोग्य विभागाने त्यांना तिथे जायची वाट मोकळी करून द्यावी.